शेड एक, खाद्य एक, तरी पोट वेगळं: पन्हाळा तालुक्यातल्या एका कोंबडीपालनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब पन्हाळा तालुक्यातलं. ऊस, थोडं सोयाबीन, दोन म्हशी आणि घरामागे कोंबड्यांची एक शेड. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. शेडचं रोजचं काम थोरल्या वहिनी बघतात. खाद्याचा माल आणणं आणि पक्षी विकणं त्यांच्या धाकट्या दिरांकडे. कंपनीशी करार नाही. पिल्लं रोखीनं आणायची, पहिले दहा-बारा दिवस विकतचं प्रीस्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं बारीक खाद्य, घालायचं आणि पुढे मका, सोयापेंड, भाताचं पॉलिश, प्रीमिक्स (जीवनसत्त्वं आणि क्षारांची पूड) असं घरीच मिसळायचं, ही त्यांची पद्धत.

शेडच्या मधोमध जाळी आहे. एका बाजूला सुमारे अकराशे पांढरे ब्रॉयलर, दुसऱ्या बाजूला तीनशेच्या आसपास रंगीत सुधारित जातीचे पक्षी. गिऱ्हाईक त्यांना सरसकट गावरान म्हणतं आणि किलोमागे पैसेही जास्त मोजतं. दोन्हींचा हिशोब आखाडावर बसवलेला होता. आषाढात कोल्हापुरात गल्लोगल्लीच्या टेंबलाईच्या जत्रा होतात, पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत देवीला जातं आणि घरोघरी रश्श्याचा बेत होतो. श्रावण लागला की मागणी एकदम बसते. म्हणून उशिरा वाढणारी रंगीत पिल्लं एप्रिलअखेर आणली होती आणि ब्रॉयलर जूनच्या मध्यावर, म्हणजे दोन्ही एकाच वेळी विक्रीला यावेत. वयातला हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला. तेव्हा कुणाच्या मनात तो आला नव्हता.

अडचण

जुलै लागता लागता मक्याचा दर चढला, त्यात पावसाचा जोर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की इथली माणसं २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवतात आणि रस्ते बंद व्हायच्या आत घरात माल भरून ठेवतात. या घरात गहू पुरेसा होता. दिरांनी मक्यातला निम्मा काढून तिथं गहू घातला. घरचं भरड्याचं यंत्र नेमकं बंद पडलेलं, म्हणून गहू आणि मका दोन्ही पिठाच्या गिरणीतून दळून आणले. बदल एका रात्रीत झाला: संध्याकाळी जुनं खाद्य संपलं, सकाळी नवं पडलं.

चार-पाच दिवसांत ब्रॉयलरच्या बाजूची गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेला तुसाचा थर, ओली होऊन थापली गेली. विष्ठा चिकट, तिच्यात न पचलेलं खाद्य, मधूनच नारिंगी शेंबूड. मागचे पंख लडबडलेले. अमोनियाचा वास असा की आत गेलं की डोळ्यांना पाणी. पक्षी लहानमोठे दिसू लागले आणि मर, जी तोवर अधूनमधून एखादी असायची, ती रोजची झाली. जाळीपलीकडचे रंगीत पक्षी मात्र खात होते, उकरत होते, त्यांची गादी जवळपास कोरडी.

पशुवैद्य म्हणून मला बोलावलं तेव्हा दिरांचा प्रश्न सरळ होता. "डॉक्टर, शेड एक, पाणी एक, खाद्य बी एक. मग पलीकडच्यास्नी काय होत न्हाई आणि ह्येंनाच का?" उत्तरही त्यांनी स्वतःच काढलं होतं: गावरान पक्ष्याचं पोटच घट्ट, त्यातले जंतू चांगले, आणि हॅचरीनं या वेळी ब्रॉयलरची पिल्लं कमअस्सल दिली.

चौकशीत आणि चिरफाडीत काय निघालं

वहिनींची वही नसती तर हे प्रकरण लिहिण्याजोगं झालंच नसतं. रोज किती पोती खाद्य पडलं, किती पक्षी मेले, पाऊस होता की नाही, पडदे खाली होते की वर, एवढंच त्या लिहितात. पण त्यावरून क्रम स्पष्ट दिसला. खाद्य बदललं, दोन दिवसांनी पाणी पिणं वाढलं, मग गादी ओली झाली, आणि मर त्यानंतर वाढली. पाऊस त्याआधीपासून चालूच होता आणि तेव्हा गादी बरी होती. म्हणजे नुसत्या पावसावर बोट ठेवून चालणार नव्हतं.

त्या दिवशी मेलेले ब्रॉयलर उघडून पाहिले. गिझार्ड, म्हणजे दाणे दळणारं स्नायूंचं पोट, लहान, भिंतीला जोर नाही, आत बारीक पिठाचा लगदा. लहान आतडं फुगलेलं, भिंत पातळ, आत पातळ द्रव आणि वायू. एका पक्ष्यात अस्तरावर तपकिरी थर धरायला लागला होता. नेक्रोटिक एंटेरायटिस म्हणजे आतड्याचं अस्तर मरत जाण्याचा आजार. त्याची ही सुरुवात. अस्तर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रक्ती हगवणीच्या आयमेरिया जंतूंची अंडी तुरळक होती. ती थोडी असली तरी दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती, कारण आयमेरियानं अस्तराला जखमा केल्या की पुढच्या जंतूंना वाट मिळते.

तुलनेसाठी एक धडधाकट रंगीत पक्षीही कापला. गिझार्ड मोठं, टणक, आत खडे आणि धान्याचे तुकडे. दर काही दिवसांनी या पक्ष्यांना वहिनी अंगणात सोडत, तिथले खडे आणि दाणे ते टिपत. ब्रॉयलरना शेडबाहेरची माती माहीतच नव्हती.

वहिनींनी एक गोष्ट वेगळी करून दाखवली: काही जागी चॉकलेटी, गुळगुळीत, उग्र वासाची विष्ठा. ती हगवण नव्हती. कोंबडीच्या लहान आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात, सीका म्हणतात त्यांना. दिवसातून काही वेळा त्या रिकाम्या होतात आणि निरोगी पक्ष्यातही अशीच विष्ठा पडते. हिला हगवण समजून औषध घालणारे मी बरेच पाहिले आहेत.

जात आणि खाद्य आतड्यात कुठे भेटतात

अन्नपिशवीत आणि लहान आतड्यात मुख्यतः लॅक्टोबॅसिलस गटाचे, आम्ल तयार करणारे जिवाणू असतात. सीकांत वेगळंच जग आहे. तिथं एका ग्रॅम ऐवजात हजार कोटींहून जास्त जिवाणू असतात, बहुतेक हवेवाचून जगणारे. वर न पचलेला तंतुमय भाग ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं बनतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं हेच मुख्य इंधन. सीकांपर्यंत काय पोचतं यावर तिथं कोण पोसलं जाणार हे ठरतं. तंतू पोचला तर ब्युटिरेटवाले वाढतात, न पचलेलं प्रथिन पोचलं तर ते कुजवणारे वाढतात.

गव्हाची खोड त्याच्या पेशीभित्तिकेत आहे. तिच्यात अरॅबिनोझायलान नावाची लांब साखळीची शर्करा असते आणि तिचा पाण्यात विरघळणारा भाग कोंबडीला पचत नाही. पोटातल्या पाण्यात तो कापडाला लावायच्या खळीसारखा घट्ट होतो. मग पाचक रस अन्नात नीट मिसळत नाहीत, पचलेलं शोषलं जात नाही, पक्षी जास्त पाणी पितो आणि विष्ठा चिकट होते. अन्न रेंगाळल्यामुळे एरवी सीकांत राहणारे जिवाणू लहान आतड्यात वर चढतात, पित्तातली क्षारं मोडून टाकतात आणि चरबीचं पचन बिघडतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू निरोगी कोंबडीतही थोड्या संख्येनं असतो. त्याला लागणारी बरीचशी अमिनो आम्लं स्वतः बनवता येत नाहीत. न पचलेलं प्रथिन आणि जखमी अस्तरातून झिरपणारा द्रव मिळाला की तो फोफावतो आणि विष सोडतो. मक्यात असा विरघळणारा तंतू फार कमी, तांदळात त्याहून कमी.

मग जात? इथं दिरांच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण त्यांनी समजलं त्या अर्थानं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात १९५७ पासून एकाच मूळ कळपातून कोंबड्यांच्या दोन ओळी वेगळ्या निवडत नेल्या आहेत. निकष एकच, आठ आठवड्यांचं वजन. एक ओळ जड होत गेली, दुसरी हलकी. एकाच ठिकाणी एकाच खाद्यावर वाढवूनही पन्नासहून जास्त पिढ्यांनंतर या दोन ओळींच्या पोटातल्या अनेक जिवाणूंच्या प्रमाणात फरक दिसला आणि त्यांत लॅक्टोबॅसिलस ठळकपणे होते. फ्रान्समधलं काम तर या शेडच्या प्रश्नाला थेट भिडतं. तिथं गव्हावर आधारलेलं खाद्य किती चांगलं पचतं यावरच पक्षी निवडून दोन ओळी केल्या. चांगलं पचवणाऱ्या ओळीचं गिझार्ड मोठं निघालं आणि दोन्ही ओळींची जिवाणूंची मांडणीही वेगळी.

पक्ष्याची जनुकं जिवाणूंची नावं ठरवून देत नाहीत. ती भूक ठरवतात, गिझार्डचा आकार, आतड्याची लांबी, अन्न किती वेळ कुठे थांबणार, पाचक रस किती सुटणार, अस्तरावरचा शेंबूड आणि रोगप्रतिकार कसा असणार हे ठरवतात. या सगळ्यातून घर तयार होतं आणि त्यात कोण राहायला येणार हे बऱ्याच अंशी खाद्यावर आणि पहिल्या दिवसांतल्या संपर्कावर ठरतं. शिवाय सगळं जनुकांवर ढकलता येत नाही. चीनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोंबडीच्या अंगात चरबी साठण्यावर जिवाणूंचा परिणाम बराचसा जनुकांपासून स्वतंत्र असल्याचं दिसलं. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या एका कामात एकाच पद्धतीनं केलेल्या तीन चाचण्यांत सीकांमधले जिवाणू प्रत्येक वेळी वेगळे निघाले. हॅचरीतल्या पिल्लाला आईची ऊब मिळत नाही तशी तिच्या विष्ठेतली शिदोरीही मिळत नाही. ट्रेमधून, वाहतुकीतून आणि शेडच्या गादीतून जे मिळेल त्यावर त्याचं पोट बसतं.

ब्रॉयलरची निवड झाली ती भरपूर खाऊन झपाट्यानं वाढण्यासाठी. साधारण पाच आठवड्यांत दोन किलो व्हायचं तर तेवढं पोटातून जायलाच हवं. त्यामुळे तेच गव्हाचं खाद्य ब्रॉयलरच्या पोटात कितीतरी जास्त पडतं, आणि गिझार्ड कच्चं असेल तर नीट न दळता पुढे सरकतं. पण या शेडमध्ये दुसरीही गोष्ट होती. रंगीत पक्षी दहा आठवड्यांचे होते, ब्रॉयलर तीन. सीकांमधली वस्ती स्थिरावायलाच चार ते सहा आठवडे लागतात, आणि गव्हाचा चिकटपणा लहान पक्ष्यांना जास्त बाधतो. म्हणजे "शेड एक, खाद्य एक" खरं असलं तरी जात वेगळी, वय वेगळं, हॅचरी वेगळी आणि अंगणात फिरणंही वेगळं. नुसतं बघून यातलं एकही कारण वेगळं काढता येत नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय औषधविक्रेत्यानं सुचवलेला: पाण्यातून सरसकट प्रतिजैविक. त्यानं पुढे केलेल्या पाकिटांत एक कोलिस्टिनचं होतं. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर भारतात जुलै २०१९ पासून बंद आहे, त्यामुळे ते लगेच बाजूला ठेवलं. बाकीच्यांचा विचार मात्र करावाच लागला. अस्तर मरायला लागलेलं असताना योग्य प्रतिजैविक पक्षी वाचवतं. अडचण अशी की ते चिकटपणा कमी करत नाही, उपयोगी जिवाणूंनाही मारतं, आणि औषध थांबवल्यावर विक्रीआधी जो काळ जाऊ द्यावा लागतो तो आखाडातच आला असता. रोगाची खूण एकाच पक्ष्यात होती. म्हणून आधीच अट घातली: सलग दोन दिवस मर वाढली, किंवा पुढच्या चिरफाडीत आणखी पक्ष्यांत अस्तर सुटलेलं दिसलं, तर प्रतिजैविक, नाहीतर नाही. अशी अट आधी घातलेली नसली की घाबरून निर्णय होतात.

दुसरा पर्याय दिरांचा. रंगीत पक्ष्यांची गादी उचलून ब्रॉयलरकडे पसरायची, म्हणजे चांगले जंतू आपोआप जातील. या कल्पनेमागे खरं विज्ञान आहे. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना मोठ्या निरोगी कोंबडीच्या पोटातला ऐवज दिला तर साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू त्यांच्या आतड्यात सहजी ठाण मांडू शकत नाही. पण तो उपाय पहिल्या दिवसाचा, घर रिकामं असतानाचा. तीन-चार आठवड्यांच्या पक्ष्यात सगळ्या जागा भरलेल्या असतात. आणि गादीबरोबर आयमेरिया, जंत, साल्मोनेला असं बरंच काही जातं. जखमी अस्तराच्या पक्ष्यांवर ते पसरणं धोक्याचं होतं, म्हणून स्पष्ट नकार दिला.

तिसरा: ताक किंवा बाजारातली प्रोबायोटिक पावडर. वहिनी पिल्लं आली की गूळपाणी देतात, नंतर अधूनमधून ताक. त्यात काही चुकीचं नाही. पण खाद्यातून चिकटपणा येत राहिला तर वरून घातलेले जिवाणू तग धरत नाहीत. जोडीला चालेल, मुख्य इलाज म्हणून नाही.

चौथा: गहू ठेवून त्यात झायलेनेज विकर घालायचं. हे विकर लांब साखळ्या तोडतं, चिकटपणा कमी होतो, आणि तुटलेले लहान तुकडे सीकांमधल्या उपयोगी जिवाणूंना पोसतात. तांत्रिकदृष्ट्या मला हाच पर्याय सर्वात आवडतो. पण पावसात माल कधी पोचेल याचा भरवसा नव्हता.

पाचवा सगळ्यात साधा होता आणि तो वहिनींकडून आला. "भात मिलवर कणी पडून हाय की. ती चालंल का?" पन्हाळा-शाहूवाडीच्या भातपट्ट्यात तांदळाची कणी मिळते, ती चांगली पचते आणि तिच्यात चिकटवणारा तंतू जवळपास नाही. तिच्यात मक्यासारखं पिवळं रंगद्रव्य नसल्यानं कातडी फिकट दिसते, हा एकच तोटा. कापून विकायच्या ब्रॉयलरला तो परवडण्यासारखा होता.

काय केलं

तीन दिवसांत टप्प्याटप्प्यानं गहू काढला आणि जागी कणी आणली. झटक्यात काढला नाही, कारण मोडकळलेल्या पोटाला आणखी एक धक्का नको होता. भरड्याचं यंत्र त्याच आठवड्यात दुरुस्त झालं. जाळी मोठ्या भोकाची बसवून मका जाडसर भरडायला सुरुवात केली. भरड खाद्यानं गिझार्डला काम मिळतं, अन्न तिथं जास्त वेळ आम्लात राहतं, आणि नको ते जिवाणू खाली कमी उतरतात. सोयापेंडीबद्दल विशेष विचारून घेतलं, कारण घरचं सोयाबीन कच्चं किंवा अर्धवट भाजून घालायचा मोह या भागात असतो. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनाचं पचन रोखतात आणि तेच प्रथिन खाली जाऊन कुजतं. इथं तसं काही नव्हतं.

गादीचे थापलेले पापुद्रे खरवडून बाहेर काढले, कोरडं भाताचं तूस टाकलं. चुना मारायचा त्यांचा विचार होता, तो थांबवला; पक्षी आत असताना ओल्या गादीवर चुना पडला की अमोनिया आणखी सुटतो. पावसाच्या भीतीनं पडदे पूर्ण खाली ओढलेले होते, ते वरून हातभर उघडे ठेवले. पाण्याची भांडी पाठीच्या उंचीला आणली, सांडणं कमी झालं. आयमेरियासाठी त्या बाजूला औषध दिलं. बिघडलेलं पोट सावरायला वहिनींनी ताकही दिलं.

प्रतिजैविकाचा निर्णय दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर आला. त्या सकाळी मर जास्त होती आणि दिरांना औषध टाकायचंच होतं. पण मेलेले पक्षी उघडले तर त्यांत जुने, आधीच खंगलेले पक्षी निघाले. अस्तरावर नवा थर कुठेच नव्हता. घातलेली अट पूर्ण होत नव्हती. एक दिवस थांबायचं ठरलं. ती रात्र त्या घराला जड गेली असणार, कारण अकराशे पक्ष्यांत अडकलेले पैसे त्यांचे होते. तिसऱ्या दिवशी मर उतरली.

ब्रॉयलरची गादी आठवडाभरात हाताला कोरडी लागू लागली. आखाडाच्या शेवटच्या टप्प्यात पक्षी विकले गेले, पण अपेक्षित दोन किलोऐवजी पावणेदोनच्या आसपास भरले आणि लहानमोठेपणा गेला नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हुकलेली वाढ ब्रॉयलर इतक्या कमी दिवसांत भरून काढत नाही. रंगीत पक्ष्यांनी मात्र चांगला दर दिला, आणि त्यामुळे घरात नवीनच निर्णय शिजू लागला: ब्रॉयलर बंद, सगळी शेड गावरान.

दिवाळीनंतरची बॅच: चार कप्पे

हा निर्णय एका पावसाळी बॅचवरून घेऊ नये असं मला वाटत होतं. गावरानला दर चांगला, पण मागणी मर्यादित, दिवस दुप्पट-अडीचपट आणि तेवढे दिवस खाद्य. जात खरोखर एवढा फरक करते का हे आधी कळायला हवं होतं.

दिवाळीनंतर दोन्ही जातींची पिल्लं एकाच आठवड्यात आणली. पहिले दहा दिवस ती एकाच गादीवर, एकाच ब्रूडरच्या उबेखाली मिसळून ठेवली. पिल्लं एकमेकांची विष्ठा टिपतात, त्यामुळे दोन हॅचऱ्यांतून आलेले वेगवेगळे जिवाणू बरेच एकसारखे होतील हा हेतू. मग प्रत्येकी तीस पक्ष्यांचे चार कप्पे केले: ब्रॉयलर मक्यावर, ब्रॉयलर गव्हावर, रंगीत मक्यावर, रंगीत गव्हावर. भरडा सगळीकडे सारखाच जाडसर, गव्हात विकर नाही. उरलेले सगळे पक्षी नेहमीच्या मक्याच्या खाद्यावर. कुणालाही अंगणात सोडलं नाही.

बियाणं बदललं की खतही बदलून "नवं वाण भारी" म्हणणारे शेतकरी असतात, तसंच कोंबड्यांतही होतं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही. चार कप्प्यांना वेगळी शेड लागली नाही, वेगळा खर्च फारसा नाही. लागला तो फक्त तराजू आणि वहिनींची वही.

मक्यावरचे दोन्ही कप्पे स्वच्छ राहिले. गव्हावरच्या ब्रॉयलरचं वजन पाच आठवड्यांला मक्यावरच्यांपेक्षा स्पष्ट मागे होतं आणि गादी चिकट, पण जुलैएवढी वाईट अवस्था झाली नाही. गव्हावरच्या रंगीत पिल्लांकडे सगळ्यांचं लक्ष होतं. त्यांच्यातही चौथ्या आठवड्यात मागचे पंख लडबडलेले दिसले. वजनातला फरक मात्र थोडा होता आणि दोनेक आठवड्यांत विष्ठा आपोआप बांधीव झाली.

यातून तीन गोष्टी वाचता आल्या. जुलैत रंगीत पक्षी निभावले त्यात वयाचा वाटा मोठा होता. लहानपणी गहू त्यांनाही सोसत नाही. जातीचा फरक तरीही शिल्लक राहतो, कारण तेच खाद्य ब्रॉयलरला जास्त बाधलं. आणि ब्रॉयलरची जुलैतली गत फक्त गव्हानं झाली नव्हती. बारीक दळण, एका रात्रीतला बदल आणि ओली गादी यांनी ती वाढवली होती. हॅचरीवरचा आळ बऱ्यापैकी उतरला, कारण मक्यावरचे ब्रॉयलर त्याच हॅचरीचे होते आणि ठणठणीत होते.

प्रत्येक प्रकाराला एकच कप्पा असल्यानं कोपऱ्यातला ओलावा, वाऱ्याची दिशा असल्या गोष्टींचा परिणाम यात मिसळलेला असू शकतो. सीकांमधल्या जिवाणूंची जनुकीय तपासणी केली नाही. ती करता आली असती, पण तिच्या निकालानं या घराचा कुठलाही निर्णय बदलला नसता. गिझार्डचं वजन, गादीची ओल आणि तराजू यांवर जे ठरवायचं होतं ते ठरत होतं.

निष्पत्ती

ब्रॉयलर बंद झाले नाहीत. रंगीत पक्ष्यांसाठी घराच्या दुसऱ्या बाजूला वेगळी लहान शेड उभी राहिली. जास्त दिवस राहणारा पक्षी जाळीपलीकडे असला की शेड कधीच पूर्ण रिकामी होत नाही, आणि आयमेरियाची साखळी एका बॅचमधून दुसरीत चालत राहते. हा धोका जुलैच्या घटनेआधीपासून होता, तिथं फक्त तो नजरेला आला.

गहू आता वापरतात, पण ब्रॉयलरला चार आठवड्यांच्या आत नाही, धान्याच्या फार तर पाचव्या हिश्शापर्यंत आणि झायलेनेज घालूनच. दर चढले की आधी तांदळाची कणी बघायची हा नियम वहिनींनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. पुढच्या पावसाळ्यातली बॅच त्यांनी प्रतिजैविकाशिवाय काढली.

पुन्हा करायचं झालं तर

जुलैत पहिल्याच दिवशी, कुठलंही औषध सुरू व्हायच्या आत, आतड्याचे नमुने पुण्याच्या औंधला रोग अन्वेषण विभागाकडे किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोचवणं शक्य असतं तर क्लॉस्ट्रिडियमबद्दलचा अंदाज पक्का झाला असता. पुरामुळे ते जमलं नाही. या भागात पावसाळ्याआधी बर्फाचा डबा, नमुन्याच्या बाटल्या आणि गाडीची सोय बोलून ठेवावी.

चार कप्प्यांत पाचवा असायला हवा होता: ब्रॉयलर, मका, पण गिरणीचं बारीक दळण. बारीक दळणाचा वाटा किती हे त्यानं कळलं असतं, आणि मला व्यक्तिशः तोच आकडा सगळ्यात जास्त हवा आहे. जुलैतल्या ब्रॉयलरच्या पोटात दिसलेलं ते लहान, जोर नसलेलं गिझार्ड गव्हाच्या चार-पाच दिवसांत तयार होत नाही. त्याची सुरुवात बारीक प्रीस्टार्टरवर गेलेल्या पहिल्या दिवसांत झाली असणार. प्रीस्टार्टर संपत आल्यावर थोडा जाडसर मका मिसळायला लागणं याच घरात आता सुरू झालं आहे, आणि दर आठवड्याला मेलेल्या किंवा कापलेल्या एखाद्या पक्ष्याचं गिझार्ड रिकामं करून, धुऊन, जिवंत वजनाच्या मानानं वहिनी वहीत लिहितात. शेडवाल्यांनी वजनाच्या काट्याशेजारी हा दुसरा रकाना जरूर ठेवावा. खाद्य बिघडतंय हे गादी ओली व्हायच्या आधी तिथं दिसतं.